शिडाची बोट विकत की भाड्याने, एक हल (म्हणजे बोटीचं पोट) की दोन हल: नवरा-बायको दोघांनीच राहायचं असेल तर

माझी मावसबहीण आणि तिचे मिस्टर नांदेडला असतात. दोघांची नोकरी आता दोन-तीन वर्षांत संपेल, मुलगी हैदराबादला सेटल झाली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "ताई, तुम्ही तीन सीझन झाले बोटीवर राहायलात, आम्ही पण विचार करायलोत, पण विकत घ्यावं का नुसतं भाड्याने घेऊन हिंडावं, आन घेतलीच तर ती रुंद दोन पोटांची कॅटामरान घ्यावी का साधी, तूच सांग." फोनवर तासभर बोलून पण नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढते. आणखी कुणी या विचारात असेल तर त्यांना पण उपयोगी पडेल.

आधी आमचं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी औसा तालुक्यातली, लग्न होऊन लातूरला. आमचे हे मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला होते, पंचवीस वर्षं. मी मात्र बँकेत काउंटरला, आणि पाणी म्हणून जे मोठं पाहिलेलं ते पैठणला नाथसागर, त्याच्यापलीकडे काही नाही. पोहायला मी चाळिशीत शिकले. आम्ही एकदा ग्रीसमध्ये आठवडाभर साधी बोट भाड्याने घेतली, एकदा थायलंडमधल्या फुकेतला कॅटामरान घेतली आणि मग मलेशियातल्या लंकावी बेटावर १९९९ सालची ३८ फुटी एका हलची बोट विकत घेतली. म्हणजे तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या केलेल्या आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्याच्यावरून ठरतं. बोटीवर दोघं असतात असं आपण म्हणतो पण खरं तर दोघं आळीपाळीने एकटेच असतात. शिडाची बोट पाच नॉटने चालते, म्हणजे तासाला पाच नॉटिकल मैल, सव्वानऊ किलोमीटर. चोवीस तास न थांबता चालली तर १२० नॉटिकल मैल, म्हणजे २२० किलोमीटर, तेवढ्यात लातूरहून संभाजीनगर पण येत नाही. मग रात्र पाण्यात काढावीच लागते, आणि रात्री तीन तास एक जागा, दुसरा झोपलेला, मग उलट. त्या तीन तासात वारा वाढला, समोर मच्छीमारांची जाळी आली, मोठं जहाज आलं तर जे करायचं ते जागा असलेल्याने. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघी आयएनएसव्ही तारिणीवर २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परत आल्या, ५६ फुटी बोट आणि माणसं दोनच. ते बघून लोक म्हणतात दोघींनी केलं, पण विचार करा त्या आठ महिन्यांत एक झोपलेली असताना दुसरीने एकटीने किती तास बोट सांभाळली असेल. म्हणून मी बहिणीला म्हटलं की बोट निवडताना दाजींना काय झेपतं ते बघूच नको. तुमच्या दोघांत जो कमी ताकदीचा, कमी हौशी, कमी अनुभवी आहे त्याला एकट्याला जी बोट झेपते ती तुमची बोट. आमच्यात ती मी होते.

आता भाड्याने की विकत.

भाड्याचं गणित सोपं आहे. ग्रीस किंवा क्रोएशियात चाळीस फुटाच्या आसपासची साधी बोट एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरला आठवड्याला दीड-दोन हजार युरोत मिळते, जुलै-ऑगस्टमध्ये तीच तीन ते साडेचार हजार. कॅटामरान घेतली तर साधारण दुप्पट. वर दोन-तीन हजार युरो डिपॉझिट, ते बोट धड परत दिली की मिळतं. शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात, पुढच्या शनिवारी सकाळी परत. लायसन लागतं, ग्रीसमध्ये तर एकाचं लायसन आणि दुसऱ्याने मला अनुभव आहे असं लिहून द्यावं लागतं, क्रोएशियात व्हीएचएफ रेडिओचं, म्हणजे बोटीवरच्या वायरलेसचं, सर्टिफिकेट पण मागतात. लायसन नसेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, घ्या, दिवसाला दोनशे युरोच्या आसपास आणि त्याचं जेवण. आणि क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, म्हणजे ग्रीस आणि क्रोएशिया मिळून १८० दिवसांत ९० दिवसच, दोन्हीकडे वेगवेगळे ९० मिळत नाहीत.

भाड्याच्या बोटीचा मोठा फायदा हा की तुम्हाला स्वतःबद्दल कळतं. उलटी होते का, बंद जागेत झोप लागते का, दिवसभर एकमेकांसोबत एवढ्याशा जागेत पटतं का. आठ दिवसात हे कळतंच. पण एक गोष्ट कळत नाही आणि तीच सगळ्यात मोठी आहे. भाड्याच्या बोटीचा पंप बिघडला की फोन करायचा, माणूस येऊन दुरुस्त करून जातो. स्वतःच्या बोटीत तो माणूस तुम्हीच. मीठ, दमट हवा आणि सतत हलणं, ह्या तीन गोष्टींमुळे बोटीत रोज काही ना काही निघतं. आमचे हे इंजिनवाले म्हणून आमचं निभतं, तरी आठवड्यातले दोन दिवस दुरुस्तीत जातात, हे अगदी खरं सांगते. ज्यांच्या घरात कुणालाच पान्हा धरायची आवड नाही त्यांनी विकत घेऊ नये, वर्षातून दोनदा भाड्याने घ्यावी आणि सुखाने हिंडावं, त्यात काहीही कमीपणा नाही.

विकत घ्यायचं गणित वेगळं. १९९०-२००० च्या दशकातली ३८-४० फुटी एका हलची चांगली बोट पन्नास ते नव्वद हजार युरोच्या पट्ट्यात मिळते, युरो शंभर रुपये धरला तर पन्नास ते नव्वद लाख. तशाच लांबीची जुनी कॅटामरान दोन कोटींच्या घरात. त्यावर दरवर्षी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला बाजूला ठेवा, हा जुना हिशोब आहे आणि आमच्या बाबतीत तो जवळपास बरोबर निघाला. वर्ष-दोन वर्षांनी बोट पाण्यातून वर काढून तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून अँटीफाउलिंग रंग द्यावा लागतो. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि जुन्या बोटीचा विमा उतरवताना कंपनी बहुतेक वेळा त्याचंच वय विचारते. आम्हाला बोट दाखवणाऱ्या ब्रोकरने तारा नव्या आहेत असं छातीठोक सांगितलेलं, आम्ही वेगळा सर्व्हेअर लावला, त्याने डोलकाठीवर चढून एका जोडाला केसाएवढी चीर काढून दाखवली. मी खालून त्याने काढलेला फोटो मोठा करून बघितला तर खरंच, काळी रेघ, नखाएवढी. ती तार तुटली असती तर डोलकाठी आडवी झाली असती. सर्व्हेअरची फी त्या एका रेघेत वसूल झाली आणि किंमत पण खाली आली. सर्व्हे न करता बोट घेऊ नका, आणि सर्व्हेअर विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

पैसा बाहेर पाठवायचं पण बघा. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर ही मर्यादा आहे आणि १० लाखांच्या वर जी रक्कम जाते तिच्यावर बँक वेगळा २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो इन्कम टॅक्समध्ये वळता होतो पण तोपर्यंत पैसा अडकतो, म्हणून आधी सीएकडे बसा. आणि बोट भारतात आणायचा विचार सुरुवातीला आमचा पण होता, पण सप्टेंबर २०२५ पासून यॉटवर जीएसटी ४० टक्के झाला, वर कस्टम ड्युटी वेगळी. आपल्या किनाऱ्यावर मरीना, म्हणजे अशा बोटी लावायच्या गोद्या, पण बोटावर मोजण्याइतक्या, कोचीला बोलगाटी बेटावर एक आहे, मुंबईला गेटवेसमोर पाण्यात मुरिंगलाच, म्हणजे तळाला पक्क्या केलेल्या तरंगत्या बोयाला, बांधाव्या लागतात. आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात अशी शिडाची बोट सहसा कुणी घालत नाही. म्हणून आमची बोट तिकडंच, आम्ही येऊन-जाऊन. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसा माफ केलाय, त्याची मुदत २०२६ अखेरपर्यंत आहे, म्हणजे महिना संपायच्या आत शिडं उभारून थायलंडकडं निघायचं, फुकेत सव्वाशे नॉटिकल मैलांच्या आसपास, मधे बेटं आहेत, थांबत थांबत जाता येतं. नियम बदलत राहतात, निघायच्या आधी प्रत्येक वेळी नव्याने बघा.

आता एक हल की दोन हल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक फोटो बघून ठरवतात.

कॅटामरान म्हणजे दोन अरुंद पोटं आणि मधे हॉलसारखी खोली. चाळीस फुटी कॅटामरान साडेसहा-सात मीटर रुंद, आमची चार मीटरच्या आतच. तिच्यात उजेड, हवा, मधे टेबल, पाहुण्यांना वेगळी खोली, ती वाऱ्याने कलत नाही, चहाचा कप ठेवला तिथंच राहतो. फुकेतला आम्ही घेतली तेव्हा मला वाटलं बस, हेच घर. आमची बोट वारा आला की पंधरा-वीस अंश कलते, म्हणजे एका बाजूच्या भिंतीवर पाय देऊनच उभं राहावं लागतं, पहिल्या महिन्यात माझ्या दंडावर आणि मांडीवर सगळे काळेनिळे डाग. आणि नांगर टाकून उभी असताना बाजूने लाटा आल्या की पाळण्यासारखी डोलते ती वेगळीच. कॅटामरान तेव्हा शांत असते. पण वाऱ्याच्या समोर जायचं असेल तेव्हा तिच्या मधल्या खोलीच्या तळाखाली लाट येऊन धाडकन आपटते, झोपलेला माणूस उठून बसतो इतकं, आणि वाऱ्याच्या जवळ ती चढत पण नाही आमच्या बोटीएवढी.

मग मी एका हलकडे का वळले ते सांगते. एक तर शीड. आमचं मुख्य शीड तीसेक चौरस मीटरचं, फुकेतच्या कॅटामरानचं जवळजवळ दुप्पट. मी एकटीने ते वर ओढायचा प्रयत्न केला, इलेक्ट्रिक विंच, म्हणजे दोर ओढायचं यंत्र, बंद ठेवून, मुद्दाम. अर्ध्यावर गेलं आणि हात थांबले. विंच बिघडली तर काय, हा प्रश्न मी फुकेतच्या बोटीवरच्या स्किपरला विचारला तर तो म्हणाला दोघांनी मिळून ओढायचं. दुसरा झोपलेला किंवा आजारी असेल तर, ह्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली मला. एका हलची बोट बोलते. वारा जास्त झाला की ती कलते, कठडा पाण्याजवळ जातो, सुकाणू हातात जड होतं, अडाण्याला पण कळतं की शीड आखडतं घ्यायची वेळ झाली. कॅटामरान कलतच नाही, त्यामुळे ती सांगत पण नाही, ती फक्त जोरात पळते आणि सगळा ताण तारांवर आणि डोलकाठीवर जातो. म्हणून तिच्यात वाऱ्याचा आकडा बघूनच शीड कमी करावं लागतं, कंपनीने दिलेला तक्ता असतो, एवढ्या नॉटला पहिला रीफ, म्हणजे शीड एक टप्पा आखडायचं, एवढ्याला दुसरा. शिस्तीच्या माणसाला हे चांगलं जमतं. नव्या माणसाला रात्री दोन वाजता, अंधारात, आकड्यावर विश्वास ठेवून उठून शीड कमी करायचं म्हणजे अवघड जातं, कारण बोट तर मजेत चाललेली वाटत असते.

तिसरं, उलटायचं. कॅटामरान सहसा उलटत नाही पण उलटली तर स्वतःहून सरळ होत नाही, तशीच तरंगत राहते. एका हलच्या बोटीच्या खाली किलमध्ये, म्हणजे तळाच्या जड पात्यात, शिसं किंवा ओतीव लोखंड असतं, बोटीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश, ती आडवी झाली तरी परत उभी राहते. पण तिला मोठं भोक पडलं तर तेच वजन तिला तळाला नेतं. दोन्हीत काही ना काही आहेच, कुठली भीती आपल्याला कमी वाटते ते प्रत्येकाने आपापलं बघायचं.

बंदरात मात्र कॅटामरान जिंकते, हे मान्य केलंच पाहिजे. दोन पोटांत दोन इंजिनं, पाच-सहा मीटर अंतरावर, एक पुढे एक मागे टाकलं की जागच्या जागी फिरते, बैलगाडी फिरवल्यासारखी. आमच्या बोटीचं तोंड वाऱ्याने एका बाजूला जातं, आणि रिव्हर्स टाकला की पंख्यामुळे शेपूट दुसरीकडं सरकते, ते शिकायला मला एक अख्खा सीझन लागला. पण मरीनात कॅटामरानला दीडपट ते दुप्पट भाडं, आणि पाण्यातून वर काढायची क्रेन तेवढी रुंद सगळ्या यार्डात नसते. पाणी उथळ असेल तिथे ती मीटर-सव्वा मीटरमध्ये जाते, आम्हाला दोन मीटर लागतं. आणि एक, तिला सामानाचं वजन सोसत नाही. मोठी बोट म्हणून लोक भरत जातात आणि ती सुस्त होते, मधल्या खोलीचा तळ खाली येतो आणि लाटा जास्त आपटतात. मराठवाड्यातली बाई घर भरून ठेवल्याशिवाय राहत नाही, आमच्याकडं वर्षाचं धान्य भरायची सवय, तर हे पण बघा.

जागेबद्दल सगळे विचारतात की एवढ्याशात कसं राहता. आमच्या बोटीत उभं राहून चालता येईल अशी जमीन दहा बाय दहाच्या खोलीएवढी. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला, किल्लारीपासून आमचं गाव लांब नाही, घर पडलं आणि त्यानंतर आम्ही सहा माणसं कितीतरी महिने पत्र्याच्या शेडात राहिलो. त्या शेडात माझ्या आईने प्रत्येक वस्तूला एक खिळा ठरवून दिलेला होता, कंदील इथं, तांब्या इथं, दप्तरं इथं, अंधारात हात घातला तरी मिळालं पाहिजे. बोटीत मी तेच केलं. टॉर्च, चाकू, लाईफजॅकेट, पान्ह्याचा डबा, अंधारात हात घातला की मिळालं पाहिजे. जागा कमी पडते हे खरं कारण नसतं कुणाचं, रुसायला जागा नसते हे खरं कारण असतं. दोघांपैकी ज्याला भांडण झाल्यावर तासभर बाहेर चक्कर मारून यायची सवय आहे त्याने कॅटामरानचा विचार करावा, तिथे दोन टोकांना दोन खोल्या आहेत. हे मी मनापासून सांगते.

पाण्याचं मात्र मराठवाड्याच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. बोटीत आमची टाकी ३५० लिटरची. मरीनातले युरोपियन शेजारी हे ऐकून काळजीत पडतात. २०१६ च्या एप्रिलला लातुरात रेल्वेने पाणी आलं, मिरजेहून, पहिल्या गाडीत दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर, अख्ख्या शहरात बातमी. आमच्या गल्लीला आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा आणि भांडी घासलेलं पाणी झाडाला, कपड्याचं पाणी संडासला, हे सगळं हातात बसलेलं. त्या हिशोबाने दोघांना दिवसाला तीस लिटर भरपूर होतं, भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, मग अर्ध्या तांब्यात गोड्या पाण्याने. टाकी दहा-बारा दिवस आरामात पुरते.

तरी आम्ही दुसऱ्या वर्षी वॉटरमेकर बसवला. आपल्या घरचा आरओच तो, फक्त घरच्या आरओला ७०-८० पीएसआय दाब पुरतो आणि समुद्राच्या पाण्यातून मीठ काढायला आठशेच्या आसपास लागतो. आमचा तासाला ३० लिटर काढतो आणि १२ व्होल्टवर नऊ-दहा अँपिअर खातो, म्हणजे दुपारी ऊन असताना तासभर चालवला की दोघांचं दिवसाचं पाणी. पण तो नाजूक आहे. बंदरातल्या तेलकट पाण्यात चालवायचा नाही. क्लोरीनचं पाणी गेलं की मेंब्रेन कायमचं खराब, म्हणून धुवायचं पाणी कार्बन फिल्टरमधून घ्यावं लागतं. आणि आठवडाभर बंद राहिला तर आत कुजतं, जास्त दिवस ठेवायचा असेल तर औषध भरून ठेवावं लागतं. ज्याला पाणी पुरवून वापरता येतं त्याने पहिल्या वर्षी हा खर्च करू नये, आधी बॅटऱ्या आणि सोलर नीट करा. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याच वापरता येतात, लिथियमच्या ऐंशी टक्के. फ्रिज हाच सगळ्यात जास्त खातो. भारनियमनात वाढलेल्या माणसाला हा हिशोब पण जमतो.

स्वयंपाकाचं थोडं. आमच्या बोटीची शेगडी झुलती आहे, बोट कलली तरी ती सरळ राहते, कॅटामरानमध्ये बहुतेक वेळा पक्की बसवलेली असते. मी चालू बोटीत भाकरी थापत नाही, एकदा तवा सरकून हात भाजला. बंदरात असताना भाकरी, चालू असताना येसराची आमटी आणि भात, कुकरमध्ये, झाकण बंद, सांडत नाही. वाळवण हे बोटीसाठी सोन्यासारखं आहे, सांडगे, शेंगदाण्याची चटणी, वाळवलेली गवार आणि मेथी, फ्रिज लागत नाही, वजन नाही. गॅसची मात्र फार काळजी घ्या. घरात गॅस गळला तर दार-खिडकी उघडली की जमिनीवरून बाहेर जातो. बोटीत तो हवेपेक्षा जड असल्याने तळाला बिल्जमध्ये साठून राहतो, बाहेर जायला वाटच नाही, आणि मग पंपाची एक ठिणगी पुरते. म्हणून सिलेंडर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात, त्या कप्प्याला खाली समुद्रात निघणारं भोक, आणि स्वयंपाक झाला की कॉक बंद, प्रत्येक वेळी. बोट बघायला जाल तेव्हा गादी-पडदे नंतर बघा, आधी तो कप्पा उघडून बघा.

आता ती एक रात्र सांगते, कारण वर जे म्हटलं की एकट्याला झेपली पाहिजे ते त्या रात्री कळलं. लंकावीच्या एका खाडीत नांगर टाकलेला, ह्यांना १०२ ताप, दोन दिवस उठले नव्हते. नांगर आम्ही त्यांना ताप यायच्या आधी, संध्याकाळी ओहोटीला टाकलेला, तेव्हा खाली पाच मीटर पाणी, बोटीची उंची एक मीटर, म्हणजे सहा, त्याच्या पाचपट तीस मीटर साखळी सोडली आणि झोपलो. मलाक्काच्या सामुद्रधुनीत सुमात्रा म्हणतात ती वादळी सर येते, बहुतेक रात्री किंवा पहाटे, एप्रिलपासून पुढे जास्त. पहाटे चारला ती आली. पाच नॉटचा वारा दहा मिनिटांत चाळीसवर. आणि तेव्हा भरती येऊन पाणी आठ मीटर झालेलं, म्हणजे नऊच्या हिशोबाने साखळी साडेतीनपट पण उरली नव्हती. नांगराचा अलार्म वाजला, मी वर आले तर पाऊस आडवा लागतोय, काहीच दिसेना, फक्त मोबाईलवर आपलं टिंब वर्तुळाच्या बाहेर सरकतंय. ह्यांना हाक मारली नाही. मारून काय उपयोग, उभं राहता येत नव्हतं त्यांना. इंजिन चालू केलं, हळू पुढे, तोंड वाऱ्याकडं धरलं, ताण कमी झाल्यावर कॉकपिटातल्या, म्हणजे सुकाणूजवळच्या बैठकीतल्या, बटनाने आणखी वीस मीटर साखळी सोडली. ते दुसरं बटन ह्यांनी पहिल्याच वर्षी बसवलेलं, मी तेव्हा म्हटलेलं कशाला खर्च. नांगर धरला. चाळीस मिनिटांत सगळं शांत, आणि समोर मच्छीमारांच्या होड्या जशा होत्या तशाच. खालून ह्यांचा आवाज आला, "किती सोडलीस?" मी म्हटलं, "पन्नास." "भरतीचं धरायला विसरलो गं मी." तेवढंच.

त्या रात्री आमच्याखाली कॅटामरान असती तर तिला वाऱ्याला अडायला अंग जास्त, नांगर पण मोठा, साखळी जड. जमलं असतं का, मला खरंच सांगता येत नाही. आमची बोट मला जमली.

म्हणून बहिणीला माझं म्हणणं असं. तुम्ही दोघं पन्नाशीच्या पुढचे, दाजींचे गुडघे दुखतात, पाहुणे-नातवंडं बोलवायची हौस आहे, आणि लांबच्या समुद्रात जायचं नाही, बेटा-बेटांत हिंडायचंय, तर कॅटामरान तुमच्या स्वभावाला बसते. पण ती विकत घेऊ नका, भाड्यानेच घ्या, दोन कोटी पाण्यात अडकवण्याइतकी तुमची परिस्थिती नाही आणि दुरुस्तीची आवड तर अजिबातच नाही. दाजींना जर खरंच हाताने काम करायची गोडी लागली, आणि तुला रात्री एकटीने सुकाणूवर बसायला भीती वाटेनाशी झाली, तर एका हलची, ३४ ते ३८ फुटी, त्याच्यापेक्षा मोठी नको. वर्षभर राहायचं असं ठरवून तर मुळीच जाऊ नका. आमचं अर्धं-अर्धं आहे आणि ते शेतीच्या हिशोबाने आपोआप बसलं. अंदमान समुद्रात चांगला सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. आमच्याकडं सोयाबीनची रास ऑक्टोबरात होते, तूर-हरभरा भाऊ बघतो, आम्ही दिवाळी करून निघतो आणि एप्रिल संपायला परत, पेरणीच्या आधी. पावसाळ्यात बोट यार्डात वर काढून ठेवतो, आत बुरशी धरू नये म्हणून फटी उघड्या ठेवून आणि गाद्या उभ्या करून. सासूबाई लातूरलाच असतात, त्यांचं सहा महिने आम्ही, सहा महिने दीर. फोन आला तर लंकावीहून क्वालालंपूर आणि तिथून हैदराबाद, दुसऱ्या दिवशी घरी पोचता येतं, हे बघूनच आम्ही भूमध्य समुद्र सोडून लंकावी धरलं.

शिकायला मुंबई-गोव्यालाच जावं लागतं असं नाही. नांदेडहून हैदराबाद जवळ, हुसेनसागरात छोट्या शिडाच्या बोटी चालतात, तिथं वाऱ्याची दिशा गालाला कळायला शिका. छोटी बोट उलटते, माणूस भिजतो, पण तिथं जे कळतं ते मोठ्या बोटीवर वर्षभरात कळत नाही. पोहणं, आणि व्हीएचएफवर सोळा नंबरच्या, मदत मागायच्या चॅनलवर कसं बोलायचं ते दोघांनीही, एकट्याने नाही. आणि पाण्यात माणूस पडला तर काय, ते दोघांनी आळीपाळीने करून बघा, पाण्यात एक नारळ टाकून. पाच नॉटला बोट सेकंदाला अडीच मीटर पुढे जाते, दहा सेकंदात पंचवीस मीटर, तेवढ्या लाटांत नारळ दिसेनासा होतो. आमच्या बोटीवर रात्री पट्टा लावल्याशिवाय कॉकपिटबाहेर पाय टाकायचा नाही, हा नियम कुणासाठीही मोडत नाही.

जानेवारीत तुम्ही दोघं या, आठ दिवस आमच्यासोबत. आम्ही काही करणार नाही, नांगर तू काढायचास, सुकाणू तू धरायचंस, दाजी खाली झोपलेले आहेत असं धरून. येताना येसर आणि थोडी वाळवलेली गवार आण, इकडं मिळत नाही.